ऑटोकॅडमध्ये टेक्स्ट स्टाइल आणायची, बदलायची आणि सांभाळायची कशी

दुसऱ्याचं ड्रॉइंग उघडलं की पहिला फटका अक्षरांना बसतो. रेषा जागच्या जागी असतात, मापं बरोबर असतात, पण खोल्यांची नावं भिंतींवर चढलेली, टायटल ब्लॉकमधली तारीख चौकटीबाहेर आणि मराठी टिपांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अशा वेळी नवीन मुलं एकेक मजकूर निवडून फॉन्ट बदलत बसतात. संध्याकाळ होते, काम संपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुधारित ड्रॉइंग आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ड्राफ्टिंगच्या कामात बाहेरून आलेली ड्रॉइंग आपल्या ऑफिसच्या पद्धतीत बसवणं हा माझा रोजचा उद्योग आहे. त्यावरून सांगतो, स्टाइल आणणं हे दोन क्लिकचं काम आहे. माणूस अडतो तो दोनच ठिकाणी: एक तर दोन्ही ड्रॉइंगमध्ये स्टाइलचं नाव सारखं असतं, नाहीतर तिच्यामागचा फॉन्ट आपल्या मशीनवर नसतो. या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच या दोन गोष्टींवर आहे.

सगळं वर्णन विंडोजवरच्या ऑटोकॅडचं आहे. एलटी, म्हणजे ऑटोकॅडची छोटी आवृत्ती, वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं चालेल. चालत नाही तिथे तसं लिहिलंय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

हाताशी काय हवं

- ज्यातून स्टाइल घ्यायच्या ते ड्रॉइंग किंवा ऑफिसचं टेम्प्लेट
- ज्यात आणायच्या त्या ड्रॉइंगची कॉपी (मूळ फाइलवर प्रयोग नकोत)
- त्या स्टाइलना लागणाऱ्या फॉन्टच्या फाइली, म्हणजे .एसएचएक्स आणि .टीटीएफ
- पाठवणाऱ्याकडून आलेली त्याच ड्रॉइंगची पीडीएफ. मूळ कसं दिसत होतं हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो, म्हणून ही मागून घ्याच.
- मशीनवर फॉन्ट बसवायची परवानगी. मोठ्या ऑफिसात ती आयटीवाल्यांकडे असते, आधी विचारा.

१. स्टाइल ड्रॉइंगमध्ये राहते, फॉन्ट मशीनवर

टेक्स्ट स्टाइल म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या काही सूचना: कोणता फॉन्ट, उंची किती, रुंदीचं प्रमाण (विड्थ फॅक्टर) किती, अक्षर तिरकं किती अंशात, अ‍ॅनोटेटिव्ह आहे की नाही (म्हणजे नकाशाच्या प्रमाणानुसार उंची आपोआप ठरते की नाही). या सूचना .डीडब्ल्यूजी फाइलमध्ये साठवल्या जातात. फॉन्ट मात्र त्या फाइलमध्ये नसतो. तिथे असतं फक्त फॉन्टचं नाव. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर सापडला तर ठीक, नाही सापडला तर ऑटोकॅड दुसरा लावून मोकळं होतं. स्टाइल व्यवस्थित इम्पोर्ट होऊनही अक्षरं वेगळी दिसतात त्याचं कारण हे.

फॉन्ट दोन जातींचे. एसएचएक्स हे ऑटोकॅडचे स्वतःचे, एकेरी रेषेचे फॉन्ट: सिम्प्लेक्स, रोमन्स, आयसोसीपी वगैरे. ते ऑटोकॅडच्या सपोर्ट फाइल सर्च पाथमधल्या एखाद्या फोल्डरमध्ये असावे लागतात. दुसरे ट्रूटाइप, म्हणजे एरियल किंवा निर्मला यूआय यांसारखे. ते विंडोजमध्ये बसवलेले लागतात. एसएचएक्स फाइल विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात टाकून काही होत नाही. ट्रूटाइप बसवल्यावर ऑटोकॅड एकदा बंद करून उघडा, नाहीतर यादीत नवा फॉन्ट दिसत नाही आणि आपण उगाच दुसरीकडे चूक शोधत बसतो.

२. आधी आलेलं ड्रॉइंग तपासा

ड्रॉइंग उघडताना एसएचएक्स फाइली सापडत नाहीत असा खिडकीभर निरोप आला तर घाईने ‘इग्नोर’ दाबू नका. कोणत्या फाइली नाहीत त्यांची नावं तिथेच दिलेली असतात. ती लिहून घ्या आणि पाठवणाऱ्याकडे मागा. ‘हा निरोप पुन्हा दाखवू नका’ अशी सोय कुणीतरी आधीच वापरून ठेवलेली असू शकते. मग निरोप येतच नाही आणि सगळं आलबेल वाटतं. प्रत्यक्षात ऑटोकॅडने फॉन्टऑल्ट या सिस्टिम व्हेरिएबलमधला फॉन्ट लावलेला असतो. मुळात तिथे सिम्प्लेक्स असतो.

मग ‘स्टाइल’ कमांड द्या. छोटं रूप एस-टी. डाव्या बाजूला स्टाइलची यादी दिसेल. यादीखालच्या पट्टीत ‘स्टाइल्स इन यूज’ निवडलं की प्रत्यक्ष वापरात असलेल्याच उरतात. एकेका नावावर क्लिक करून कागदावर चार गोष्टी टिपा: नाव, फॉन्ट, उंची, विड्थ फॅक्टर. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे दोन ड्रॉइंगची तुलना याच कागदावर होते.

एखाद्या नावात उभी दांडी दिसली तर ती स्टाइल या ड्रॉइंगची नाही, एक्सरेफची, म्हणजे बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगची आहे. तिला इथून हात लावता येत नाही. बदलायची असेल तर एक्सरेफची मूळ फाइल उघडावी लागते. तीच फाइल बाइंड केली, म्हणजे या ड्रॉइंगमध्ये कायमची मिसळली, की दांडी जाऊन नावाच्या मधोमध डॉलर-शून्य-डॉलर येतं. अशी लांबलचक नावं दिसली की समजायचं, कुणीतरी ‘बाइंड’ निवडलंय; ‘इन्सर्ट’ निवडलं असतं तर नावं साधी राहिली असती.

३. डिझाइन सेंटरमधून स्टाइल आणा

१. ज्या ड्रॉइंगमध्ये आणायची ते उघडं आणि समोर ठेवा.

२. कंट्रोल आणि २ दाबा. डिझाइन सेंटर, म्हणजे दुसऱ्या ड्रॉइंगमधल्या गोष्टी बघायची आणि आणायची खिडकी, उघडेल.

३. ‘फोल्डर्स’ टॅबमध्ये मूळ ड्रॉइंगपर्यंत जा. ती फाइल उघडलेली असण्याची गरज नाही. टेम्प्लेटमधून घ्यायची असेल तर ते ऑटोकॅडमध्ये उघडा आणि ‘ओपन ड्रॉइंग्ज’ टॅबवर जा.

४. फाइलच्या नावाशेजारचं अधिकचं चिन्ह दाबा. लेयर, ब्लॉक, डायमेन्शन स्टाइल यांच्यासोबत टेक्स्ट स्टाइल असं एक खातं दिसेल.

५. त्यावर क्लिक केलं की उजवीकडे स्टाइल दिसतात. हवी ती ओढून ड्रॉइंगवर सोडा, किंवा तिच्यावर डबल क्लिक करा. एकाहून जास्त हव्या असतील तर कंट्रोल धरून निवडा.

६. पुन्हा ‘स्टाइल’ कमांड देऊन आलेल्या स्टाइलचा फॉन्ट आणि उंची तुमच्या कागदाशी ताडून बघा.

सहावी पायरी सगळेजण गाळतात. स्टाइल ओढून आणल्यावर कमांड लाइनवर एक ओळ येते: स्टाइल आल्या, आणि सारख्या नावाच्या व्याख्या सोडून दिल्या. दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिलेल्या असतात, त्यामुळे ती ओळ वाचून नेमकं काय आलं आणि काय नाही ते कळत नाही. डोळ्यांनी बघणं हाच उपाय.

डायमेन्शन स्टाइल आणली तर तिच्यात वापरलेली टेक्स्ट स्टाइल आपोआप मागोमाग येते. वेगळी आणायची गरज नाही. एकदोनच स्टाइल हव्या असतील तर मी डिझाइन सेंटरही उघडत नाही. त्या स्टाइलमध्ये लिहिलेला एक मजकूर कॉपी करतो, इकडे पेस्ट करतो आणि पुसून टाकतो. स्टाइल मागे राहते.

ब्रिक्सकॅड या ऑटोकॅडसारख्याच प्रोग्रॅमवर काम करत असाल तर हेच काम तिथल्या ड्रॉइंग एक्सप्लोररमधून होतं.

४. दोन्हीकडे नाव तेच असेल तर

खरी डोकेदुखी ही. नियम एका ओळीचा आहे: ज्या ड्रॉइंगमध्ये स्टाइल येते आहे, तिथली व्याख्या जिंकते. डिझाइन सेंटर वापरा, कॉपी-पेस्ट करा किंवा अख्खं ड्रॉइंग इन्सर्ट करा, नियम बदलत नाही.

आता ‘स्टँडर्ड’ या स्टाइलचा विचार करा. ती प्रत्येक ड्रॉइंगमध्ये असतेच, पुसता येत नाही. एका ऑफिसात तिच्यात रोमन्स असतो, दुसऱ्यात एरियल, तिसऱ्यात कुणीतरी मराठीचा जुना फॉन्ट बसवलेला. म्हणजे दुसऱ्याची ‘स्टँडर्ड’ तुमच्याकडे कधीच इम्पोर्ट होणार नाही. आर्किटेक्टने रोमन्समध्ये लिहिलेला मजकूर तुमच्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केला की तो तुमच्या एरियलमध्ये दिसेल, रुंद होईल आणि चौकटीबाहेर जाईल. कुणाचंच काही चुकलेलं नसतं.

यावरून दोन सवयी लावून घ्या. ‘स्टँडर्ड’मध्ये कामाचा मजकूर लिहायचा नाही. आणि तिच्यात भलता फॉन्ट भरायचा नाही, कारण ऑटोकॅडच्या लाइनटाइप फाइलमधल्या गॅस लाइन आणि गरम पाण्याच्या लाइनमधली इंग्रजी अक्षरं याच स्टाइलमधून काढली जातात. ‘स्टँडर्ड’ला जुना मराठी फॉन्ट लावलेल्या प्लंबिंग ड्रॉइंगमध्ये गॅसच्या लाइनवर अगम्य मात्रा-वेलांट्या उमटतात, आणि बिचारा प्लंबर ती कोणती लाइन म्हणून फोन करतो.

नाव जुळलं तर मार्ग तीन.

पहिला मार्ग हाताने बदलण्याचा. ‘स्टाइल’ कमांडमध्ये जाऊन त्या नावाचा फॉन्ट बदला, ‘अप्लाय’ करा. त्या स्टाइलमधला जुना मजकूरही नवा फॉन्ट घेतो. उंची, विड्थ फॅक्टर आणि तिरकेपणा मात्र एकेरी ओळीच्या जुन्या मजकुराला लागत नाही. ते फक्त पुढे लिहिलेल्याला लागतं. तो आकडा प्रत्येक मजकुराच्या पोटात वेगळा साठवलेला असतो. स्टाइलमध्ये विड्थ फॅक्टर ०.८ केला आणि समोर काहीच हललं नाही, तर प्रोग्रॅम बिघडलेला नाही.

दुसरा मार्ग नाव बदलण्याचा. समजा दोन्हीकडे ‘नोट-२५’ नावाची स्टाइल आहे आणि तुम्हाला समोरच्याची हवी आहे. ‘रिनेम’ कमांड द्या, टेक्स्ट स्टाइल निवडा, आपल्याकडच्या ‘नोट-२५’चं नाव ‘नोट-२५-जुनी’ करा. आता जागा रिकामी झाली. डिझाइन सेंटरमधून समोरची ‘नोट-२५’ आणा. जुन्या नावाखालचा सगळा मजकूर नव्या नावावर हलवा (कसा, ते पुढच्या पायरीत), मग ‘पर्ज’ (न वापरलेल्या गोष्टी काढणारी कमांड) देऊन जुनी काढून टाका. ‘स्टँडर्ड’साठी हा मार्ग नाही.

तिसरा मार्ग उलटा आहे आणि मला सगळ्यात आवडतो. ज्या ड्रॉइंगमध्ये स्टाइल येते तिथली व्याख्या जिंकते ना? मग स्टाइल ड्रॉइंगमध्ये आणण्याऐवजी ड्रॉइंगच स्टाइलकडे न्या. ऑफिसच्या टेम्प्लेटवरून कोरं ड्रॉइंग सुरू करा. आलेल्या ड्रॉइंगमधलं सगळं निवडून कंट्रोल-सी करा आणि नव्या ड्रॉइंगमध्ये ‘पेस्टओरिग’ कमांड द्या. सगळं मूळ कोऑर्डिनेटवरच बसतं, आणि जिथे जिथे नाव जुळतं तिथे तुमची व्याख्या लागू होते, ‘स्टँडर्ड’लासुद्धा.

मात्र हा नियम लेयर, लाइनटाइप, डायमेन्शन स्टाइल आणि ब्लॉक यांनाही लागतो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये ‘डोअर’ नावाचा ब्लॉक असेल तर आलेल्या ड्रॉइंगमधला प्रत्येक ‘डोअर’ तुमच्या दरवाजासारखा होईल. शिवाय मॉडेल स्पेसमधून कॉपी केलेल्यात लेआउट येत नाहीत. ते वेगळे आणावे लागतात. दुसऱ्या कन्सल्टंटच्या, सही झालेल्या ड्रॉइंगला हा मार्ग लावू नका.

५. जुना मजकूर नव्या स्टाइलवर हलवा

‘क्यूसिलेक्ट’ कमांड द्या. ऑब्जेक्ट टाइपमध्ये ‘टेक्स्ट’, प्रॉपर्टीमध्ये ‘स्टाइल’, ‘व्हॅल्यू’मध्ये जुनी स्टाइल. ओके केलं की त्या स्टाइलमधला सगळा एकेरी मजकूर निवडला जातो. कंट्रोल-१ दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि स्टाइलच्या जागी नवी निवडा. मग हेच ‘एमटेक्स्ट’साठी, म्हणजे अनेक ओळींच्या मजकुरासाठी, पुन्हा करा, आणि प्रत्येक लेआउटवर जाऊन पुन्हा करा. लॉक केलेल्या लेयरवरचा मजकूर बदलत नाही, म्हणून आधी लेयर उघडा.

एवढं करूनही स्टाइल ‘वापरात’ दिसत राहते. कारण मजकूर लपून बसलेल्या जागा बऱ्याच आहेत:

- डायमेन्शन स्टाइल: ‘डिमस्टाइल’, मॉडिफाय, टेक्स्ट टॅब
- मल्टिलीडर स्टाइल: ‘एमलीडरस्टाइल’, कंटेंट टॅब
- टेबल स्टाइल: ‘टेबलस्टाइल’, टेक्स्ट टॅब, शीर्षक, मथळा आणि मजकूर यांची स्टाइल वेगवेगळी असू शकते
- ब्लॉकमधले अ‍ॅट्रिब्यूट: ‘बॅटमॅन’ कमांडमधून स्टाइल बदला आणि ‘सिंक’ दाबा
- ब्लॉकमधला साधा मजकूर: ब्लॉक एडिटरमध्ये जाऊनच बदलावा लागतो

टायटल ब्लॉक हा नेहमीचा गुन्हेगार. सगळं तपासून झालं आणि तरी स्टाइल निघत नसेल तर आधी तो उघडा.

एमटेक्स्टची आणखी एक खोड आहे. कुणीतरी एडिटरमध्ये शब्द निवडून तिथल्या तिथे फॉन्ट बदललेला असतो. तो फॉन्ट मजकुराच्या आत कोरला जातो आणि स्टाइलचं ऐकत नाही. स्टाइलचा फॉन्ट बदलला, बाकी सगळं बदललं, आणि मधलेच दोन परिच्छेद तसेच राहिले, तर हेच झालंय. एडिटरमध्ये सगळं निवडा, उजवं बटण दाबा आणि ‘रिमूव्ह ऑल फॉरमॅटिंग’ करा. मुद्दाम ठळक किंवा अधोरेखित केलेलंही याबरोबर जातं, तेवढं नंतर हाताने करा.

६. उंची शून्य ठेवायची की ठरवून टाकायची

माझं मत: शून्य. स्टाइलमध्ये उंची शून्य असली की मजकूर लिहिताना ऑटोकॅड उंची विचारतं. आकडा घातला की विचारत नाही, आणि नवशिक्यांना ते सोयीचं वाटतं. पण तीच स्टाइल डायमेन्शन स्टाइलमध्ये वापरली की डायमेन्शनमध्ये घातलेली उंची दुर्लक्षिली जाते आणि टेक्स्ट स्टाइलमधली लागते. डिमस्टाइलमध्ये आकडे बदलून बदलून थकलेली माणसं मी पाहिली आहेत. चूक तिथे नसतेच.

दुसरा सापळा एककांचा. कागदावर २.५ मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं असेल तर १:१०० च्या नकाशात मॉडेल स्पेसमध्ये त्याची उंची २५० मिलिमीटर. तुम्ही मिलिमीटरमध्ये काढता म्हणून स्टाइलमध्ये २५० घातलेत. सर्व्हेअरकडून आलेला प्लॉटचा नकाशा मीटरमध्ये असतो. तिथे हीच उंची ०.२५ हवी. स्टाइल एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात नेताना आकडा जसाच्या तसा जातो, एकक बघितलं जात नाही. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये तुमच्या स्टाइलने लिहिलेलं एक अक्षर अडीचशे मीटरचं होतं. अख्खा गट त्याच्या पोटात मावतो आणि स्क्रीनवर तुम्हाला काहीच दिसत नाही, कारण तुम्ही त्या अक्षराच्या आत उभे असता.

कागदावरच्या उंची मनाने ठरवू नका. आपल्याकडे ड्रॉइंगवरच्या अक्षरांसाठी आयएस ९६०९ हे मानक आहे. त्यात उंची ठरलेल्या क्रमाने जाते: २.५, ३.५, ५, ७, १०, १४, २० मिलिमीटर. टिपांना २.५, खोल्यांच्या नावांना ३.५, ड्रॉइंगच्या शीर्षकाला ५ किंवा ७ एवढ्यात बहुतेक नकाशे भागतात.

एकाच ड्रॉइंगमधून १:१०० आणि १:२० असे दोन्ही नकाशे निघणार असतील तर अ‍ॅनोटेटिव्ह स्टाइल घ्या. तिच्यात कागदावरची उंची घालायची, गुणाकार ऑटोकॅड करतं. जुन्या स्टाइलवर ‘अ‍ॅनोटेटिव्ह’ची खूण केल्याने आधी लिहिलेला मजकूर आपोआप अ‍ॅनोटेटिव्ह होत नाही. त्यासाठी ‘अ‍ॅनोअपडेट’ कमांड देऊन तो मजकूर निवडावा लागतो.

७. मराठी मजकुराचं वेगळं बघा

महापालिकेचे, ग्रामपंचायतीचे, पाणीपुरवठ्याचे नकाशे, गट क्रमांकांची यादी, चतुःसीमा… हे सगळं मराठीत असतं, आणि इथे स्टाइलची गडबड दोन तऱ्हांनी होते.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि स्टाइलमधल्या फॉन्टला देवनागरी येत नाही. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. स्टाइलला निर्मला यूआय लावा, मजकूर लगेच वाचता येईल. पूर्वी सगळे मंगल वापरत, पण विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट पूरक म्हणून वेगळे बसवावे लागतात. निर्मला यूआय विंडोजसोबतच असतो. ऑफिसच्या टेम्प्लेटला म्हणून मी निर्मलाच सुचवतो.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर आणि टिंबं यांची खिचडी दिसते तेव्हा प्रकरण वेगळं. तो मजकूर श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम फॉन्ट, कृतिदेव, शिवाजी यांपैकी एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. इथे स्टाइलला निर्मला लावून काहीही उपयोग नाही. तीच खिचडी नीटनेटकी दिसेल. एक तर तोच जुना फॉन्ट मिळवून बसवा, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मगच स्टाइल बदला. कोणता फॉन्ट होता हे ‘स्टाइल’च्या खिडकीत नावावरून कळतं. म्हणून फॉन्ट सापडत नाही म्हणून घाईघाईने दुसरा लावून सेव्ह करू नका. ते नाव गेलं की मजकूर वाचायचा शेवटचा धागा गेला. मग मागवलेल्या पीडीएफवरूनच पुन्हा टाइप करायचं.

मराठी आणि इंग्रजी मजकुराला स्टाइल वेगळ्या ठेवा, युनिकोड वापरत असलात तरी. क्षेत्रफळाच्या तक्त्यात आकडे एका फॉन्टमध्ये आणि मथळे दुसऱ्यात असले तरी कुणी काही म्हणत नाही, पण जुन्या मराठी फॉन्टची स्टाइल इंग्रजी मापांना लागली तर ‘डी-१’ आणि ‘डब्ल्यू-२’ वाचायला कुणी उरत नाही.

मराठी टाइप केल्यावर झूम करून जोडाक्षरं आणि रफार बघा: ‘क्षेत्र’, ‘पूर्व’, ‘दुरुस्ती’, ‘सर्व्हे’. स्क्रीनवर ठीक दिसलं तरी पीडीएफ काढून तिथेही बघा. आणि कुणी जुन्या फॉरमॅटमध्ये फाइल मागितली तर लक्षात ठेवा, .डीडब्ल्यूजी फाइलमध्ये युनिकोड ऑटोकॅड २००७ पासून आलं. त्याआधीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडून मराठी तपासल्याशिवाय पाठवू नका.

८. टेम्प्लेट बनवून ठेवा

प्रत्येक ड्रॉइंगमध्ये स्टाइल आणत बसण्यापेक्षा त्या एकदाच .डीडब्ल्यूटी फाइलमध्ये ठेवा. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये तुमच्या चार-सहा स्टाइल करा, ‘सेव्ह अ‍ॅज’मधून टेम्प्लेट म्हणून जतन करा. मग ‘ऑप्शन्स’, फाइल्स टॅब, टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यून्यू, म्हणजे नवं ड्रॉइंग सुरू करणाऱ्या कमांडसाठीचं टेम्प्लेट म्हणून तिचा पत्ता द्या. पुढचं प्रत्येक नवं ड्रॉइंग त्यावरूनच सुरू होईल.

नावं देताना ऑफिसचं किंवा कामाचं छोटं अक्षर पुढे लावा, म्हणजे बाहेरच्या ‘नोट्स’ आणि ‘टेक्स्ट’ यांच्याशी टक्कर होत नाही. नावं इंग्रजीत, स्पेस न देता. नावात फॉन्ट घालू नका. ‘एरियल-२५’ नावाच्या स्टाइलमध्ये उद्या रोमन्स आला की सगळे गोंधळतात.

९. फाइली खूप असतील तर

दहा-वीस ड्रॉइंगमध्ये तीच स्टाइल बदलायची असेल तर स्क्रिप्ट लिहा. ‘स्टाइल’च्या आधी उणे चिन्ह लावलं की खिडकी न उघडता कमांड लाइनवर एकेक प्रश्न येतो: नाव, फॉन्ट, उंची, विड्थ फॅक्टर, तिरकेपणा, उलटं, उपडं. ती उत्तरं नोटपॅडमध्ये एकाखाली एक लिहून .एससीआर म्हणून सेव्ह करायची आणि ‘स्क्रिप्ट’ कमांडने चालवायची.

आधी एकदा हाताने करून प्रश्नांचा क्रम लिहून घ्या. एसएचएक्स फॉन्ट असेल तर शेवटी ‘उभं लिहायचं का’ हा जादा प्रश्न येतो, ट्रूटाइपला येत नाही. त्या एका ओळीने स्क्रिप्टचा पुढचा सगळा क्रम घसरतो. स्क्रिप्टमध्ये स्पेस म्हणजे एंटर, त्यामुळे फॉन्टचं नाव देण्याऐवजी त्याच्या फाइलचं, स्पेस नसलेलं नाव द्या.

मोठ्या ऑफिसात, जिथे पाचसहा जण एकाच प्रकल्पावर काम करतात, तिथे कॅड स्टँडर्ड्सचा उपयोग होतो. नमुना ड्रॉइंग .डीडब्ल्यूएस म्हणून सेव्ह करायचं, ‘स्टँडर्ड्स’ कमांडने ते जोडायचं आणि ‘चेकस्टँडर्ड्स’ने कुठली स्टाइल नमुन्याशी जुळत नाही ते बघायचं. एलटीमध्ये ही सोय नाही.

१०. सफाई

‘पर्ज’ कमांड द्या, छोटं रूप पी-यू. टेक्स्ट स्टाइलखाली न वापरलेल्या दिसतील, त्या काढा. सध्या चालू असलेली स्टाइल निघत नाही, म्हणून आधी दुसरी चालू करा. एकदा पर्ज केल्यावर पुन्हा एकदा करा: न वापरलेला ब्लॉक गेला की त्याच्यात अडकलेली स्टाइल मोकळी होते. घाई एवढ्यासाठी करू नका की मूळ ड्रॉइंगवाल्याने रिकाम्या वाटणाऱ्या स्टाइल पुढच्या शीटसाठी ठेवलेल्या असू शकतात. ड्रॉइंग त्याच्याकडे परत जाणार असेल तर पर्ज तुमच्या कॉपीवरच करा.

११. बाहेर पाठवताना

तुमच्याकडे आलेला त्रास पुढच्याला द्यायचा नसेल तर ‘ईट्रान्समिट’ वापरा. ही कमांड ड्रॉइंग आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधते. सेटअपमध्ये फॉन्ट सोबत घेण्याची खूण करा. त्यात एसएचएक्स फाइली येतात. ट्रूटाइप येत नाहीत. मराठीसाठी निर्मला यूआयशिवाय दुसरा फॉन्ट वापरला असेल तर त्याचं नाव ईमेलमध्ये लिहा आणि परवाना देत असेल तरच फाइल जोडा.

सोबत पीडीएफ पाठवाच. एसएचएक्समधला मजकूर पीडीएफमध्ये रेषा म्हणून जातो आणि त्यावर पिवळसर कॉमेंटच्या चौकटी येतात. समोरच्या माणसाला वाटतं, कुणीतरी नकाशावर शेरे मारलेत. ‘पीडीएफएसएचएक्स’ हे व्हेरिएबल शून्य केलं की चौकटी येत नाहीत, पण मग तो मजकूर पीडीएफमध्ये शोधताही येत नाही. मंजुरीसाठी जाणाऱ्या फाइलला शून्य ठेवा. ऑफिसच्या संग्रहात ठेवायच्या फाइलला एक राहू द्या.